कायम अनुमोदक

मी बंकट. आमच्या गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. एकोणतीस वर्षं मी सभांचं प्रोसिडिंग लिहिलं आणि त्यातलं एकही सभा झाल्यावर लिहिलं नाही. सभेत काय ठरणार हे आबासाहेबांना, म्हणजे आमच्या चेअरमनना, आठ दिवस आधी माहीत असायचं, आणि त्यांना माहीत म्हणजे मला माहीत. मग सभेची वाट कशाला बघायची? रजिस्टरच्या पानांवर छापील नंबर, पान फाडता येत नाही, खाडाखोड केली की ऑडिटवाला भुवया चढवतो. त्यापेक्षा घरी निवांत बसून चांगल्या अक्षरात लिहून ठेवलेलं बरं. ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ हे वाक्य तर सतरंज्या अंथरायच्या आधीच लिहून मी मोकळा झालेला असायचो. सटवाई पोराच्या कपाळावर आधीच सगळं लिहून ठेवते म्हणतात. तिचं एक बरं आहे, तिच्यावर चेअरमन नाही.

प्रत्येक ठरावाखाली दोन नावं लागतात. ठराव मांडणारा तो सूचक आणि ‘माझी संमती आहे’ म्हणणारा तो अनुमोदक. सूचक बदलत राहायचे, यंदा चेअरमनचे मेव्हणे तर पुढच्या वर्षी चुलते. अनुमोदक मात्र सगळ्या सालांत एकच, सटवा.

त्याचं कारण काही थोर नव्हतं. सटवा सभेला सगळ्यांच्या आधी यायचा, पुढच्या सतरंजीवर बसायचा, आणि त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. एका सभेत तो बसल्या जागी पेंगत होता. मान खाली आली, ठराव पास झाला. संस्थेला आबासाहेबांच्या वडिलांचं नाव द्यायचं, अनुमोदक सटवा. त्याच नावाचा सहकारी दवाखाना काढायला भाग भांडवल द्यायचं, अनुमोदक सटवा. एका साली पाऊस चांगला झाला म्हणून आम्ही चेअरमनच्या अभिनंदनाचा ठराव घेतला होता, त्यालाही सटवाच. त्याला ह्यात मोठा मान वाटायचा. “माझ्याबिगर गावात ठराव होत न्हाई,” असं तो पाहुण्यारावळ्यांत सांगायचा.

त्याची बायको तुळजाबाई म्हणायची, “घरी बी तेच हाय बंकटभाऊजी. मी बोलते, ह्ये मान हलवतेत.”

आमच्याकडं ह्याला भीड म्हणतात. समोरच्याचं मन मोडायला नको, मोठ्या माणसाचं तर नकोच नको. गावात ही भीड सगळ्यांनाच आहे. सटवाला जरा जास्त झालेली होती, आणि तिच्यावर औषध नव्हतं.

तेरा सालच्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले. मग तोंडही सुजलं, तर लोक म्हणायला लागले, दुष्काळात सगळे वाळले नि सटवा बघा कसा अंगानं भरला. पुढं दम लागायला लागला तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं, चार-चार तास, आणि हे जन्मभर. शिवाय दिवसाला पाणी तीन पेले. त्यातच चहा, त्यातच वरणाचं पाणी. अंगात आलेलं पाणी बाहेर जायला वाट नाही, त्यामुळं जास्त प्यालं की ते छातीत चढणार, नि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरणार.

तुळजाबाईनं घरी आल्या आल्या तीन पेले निवडले, सगळ्यात लहान. रोज सकाळी भरून ती ते कोनाड्यात मांडून ठेवायची. गावाला मात्र ह्या आजाराची गंमत वाटली. दुष्काळाचं ओळीनं दुसरं-तिसरं साल, हापशांना नुसता वारा येत होता, आणि गावात एक माणूस असा की त्याला डॉक्टरनंच पाणी पिऊ नको म्हणून सांगितलेलं. “सटवाला दुष्काळ मानवला बे,” असं पारावर कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो, उगं कशाला खोटं सांगू. आमच्याकडं कुणाच्या दारात गेलं की आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो, आणि तो नको म्हणणं वाईट दिसतं. सटवा तांब्या हातात घ्यायचा, ओठाला लावायचा, आणि भरलेला तसाच परत द्यायचा. त्या दिवसांत घरोघरच्या बायांना असा पाहुणा लई आवडायला लागला.

माणूस खचेल असं मला वाटलं होतं. पहिले दोन-तीन महिने खचलाही. भिंतीकडं तोंड करून पडायचा. मग एक दिवस डेअरीवर दूध घालायला आला तो डावा हात पुढं करून. मशीनच्या सुया टोचायला त्या हाताची शीर ऑपरेशन करून जोडली होती, आणि तिच्यात रक्त असं जोरानं धावायचं की कान लावला तर घरघर ऐकू यायची. “ऐक बे बंकट,” म्हणाला, “गावातल्या हिरीवरच्या समद्या मोटारी बंद हायत. माझी तेवढी चालू हाय.” त्या दिवसापासून तो भेटेल त्याला हात ऐकवत सुटला. म्हाताऱ्या बाया कान लावायच्या आणि घाबरून बाजूला व्हायच्या.

मशीन होतं ते आबासाहेबांच्या वडिलांच्या नावाच्या त्याच सहकारी दवाखान्यात, तालुक्याच्या रस्त्याला. तीन वेळा उद्घाटन झालेली दोन मशीनं. नऊ पेशंट. त्यात धारूरचे एक मास्तर होते, आणि नारायणगडाकडची जानकीबाई, जिची पोरं अजून शाळेत होती. मी दोन-चार वेळा सटवाबरोबर गेलतो. चार तास नुसतं पडून राहायचं म्हणून त्यानं माझ्याकडं वाचायला काहीतरी मागितलं. माझ्याकडं संस्थेच्या नियमांची पुस्तिका सोडून दुसरं काही नव्हतं, ती दिली. सटवा सातवी शिकलेला. बोट ठेवून ठेवून त्यानं ती पुस्तिका तीन वेळा वाचली. संस्थेच्या जन्मापासून ती वाचणारा तो पहिलाच सभासद, चेअरमन धरून.

“बंकट,” एकदा मशीनवरून मला विचारलं, “अनुमोदन मनापासून द्यायचं असतं का?”

“तसं कायद्यात न्हाई,” मी म्हणालो.

ह्या मशीनला पाणी लई लागतं. एका माणसाचं रक्त एकदा धुवायला दोन टिपडं, म्हणजे दोन मोठी पिंपं पाणी. दवाखान्याची बोअर आटली, तेव्हा आमच्या संस्थेनं ठराव केला की दूध कमी झाल्यानं आपला दुधाचा टँकर रिकामाच उभा आहे, तर तळ्याखालच्या संस्थेच्या विहिरीचं पाणी त्यातून दवाखान्याला द्यावं. अनुमोदक कोण ते सांगायला नकोच. सगळ्या सालांत आम्ही केलेला हा एक चांगला ठराव, आणि तोही पेपरात फोटो येईल म्हणून केलेला. टँकर दिवसाआड जायला लागला, नि त्या पाण्यावर नऊ माणसं जगायला लागली.

पण गावातल्या टँकरच्या रांगेत कुणीतरी बोललंच, “ह्याच्या रगतात गावाचं पाणी चाललंय.” ते सटवाच्या कानावर गेलं. त्यानंतर मोटर ऐकवायची त्यानं बंद केली. “माझ्या एकट्यापायी दोन टिपडं,” मला म्हणाला. “तेवढ्यात चार घरं आठ दिवस काढत्यात. मला प्याला तीन पेले नि धुवायला दोन टिपडं. हिशेब बसत न्हाई बंकट.” त्या वेळी मी त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. मी नुसतं “हूं” केलं.

पंधरा साली पोळा झाला तो चारा छावणीत. बैलांना गेरू लावून छावणीतल्या छावणीतच मिरवलं. आणि त्याच आठवड्यात निरोप आला की राजधानीतून मोठे पाहुणे आमच्या भागात दुष्काळाची पाहणी करायला येणार, हेलिकॉप्टरनं. आबासाहेबांच्या अंगात वारं शिरलं. माळावर हेलिपॅड करायचं ठरलं. आता दुष्काळातला माळ, तिथं फुफाटा ढोपरभर. पाहुणे उतरताना धूळ उडाली तर गावाची शोभा काय राहिली? म्हणून दहा दिवस माळावर रोज पाणी मारायचं, शिवाय स्वागताच्या जागेला हिरवळ पाहिजे. पाहणीला आलेल्यांना दुष्काळ दिसावा, पण त्याची धूळ लागू नये. त्यासाठी पाणी कुठलं? संस्थेच्या विहिरीचं. टँकर कुठला? संस्थेचा.

दवाखान्याचा ठराव फिरवायला सभा लागत होती. वार्षिक सभा जवळच होती. आबासाहेब स्वतः सटवाच्या घरी गेले, मी मागं. तुळजाबाईनं तांब्या दिला. आबासाहेबांनी तो सगळा पिऊन टाकला आणि म्हणाले, “सटवा, दहा दिसाचा सवाल हाय. लई तर बारा. गावाच्या कल्याणाचं काम हाय. तू कायमचा अनुमोदक, तुला इचारल्याबिगर कसं करायचं?”

दहा-बारा दिवस म्हणजे मशीनच्या तीन खेपा. डॉक्टरनं बजावलेलं होतं, एक चुकली तर कळ काढाल, दोन चुकल्या तर खरं नाही. हे आबासाहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, सटवाला तर होतंच. त्याची मान हलली. मी बघितली, खाली-वर, नेहमीसारखी. तुळजाबाई चुलीपुढून उठली आणि कोनाड्यातला तिसरा पेला उचलून त्याच्यापुढं ठेवला, भरलेला. “मरायचंच हाय तर आत्ताच प्या,” म्हणाली. मग ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

सभेला नऊ दिवस उरले असताना टँकरचा चाकावरचा पाटा मोडला आणि दवाखान्याला पाणी गेलं नाही. सटवाची एकच खेप चुकली, पण लगेच रात्रीतून पाणी छातीत चढलं. उचलून दवाखान्यात नेला. दुपारी निरोप आला की काही खरं नाही, येऊन तोंड बघून जा. मी गेलो नाही. मी काय केलं ते सांगतो. आबासाहेब म्हणाले, “श्रद्धांजलीत त्याचं बी नाव घालून टाक, मागून जागा राहत न्हाई.” मी रजिस्टर घेऊन बसलो. विषय क्रमांक एक, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. कै. पारूबाई, कै. दगडाबाई, कै. सटवा. चांगल्या अक्षरात. मग पुढचे विषय लिहीत गेलो. सातव्यावर आलो, दवाखान्याचा टँकर दुष्काळ पाहणी दौऱ्याच्या पूर्वतयारीसाठी वर्ग करणेबाबत. सूचक चेअरमनचे मेव्हणे, आणि अनुमोदक म्हणून हात आपसूक जे लिहीत आला तेच त्यानं लिहिलं. पहिल्या पानावर ज्याला मारला त्याचीच दुसऱ्या पानावर संमती घेतली, आणि मला त्याचा पत्ता नाही.

चौथ्या दिवशी सटवा जिवंत परत आला. टँकरला नवा पाटा बसला होता, मशीन चाललं होतं. पान तर फाडता येत नव्हतं. म्हटलं, वाचताना तेवढं एक नाव गाळू.

सभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात दीडशे माणूस. ऊन असं की सतरंजी भाजत होती. सटवा नेहमीच्या जागी, पुढं. तोंड उतरलेलं, गळ्याभोवती ओला पंचा. तुळजाबाई मागं बायांत बसली होती, म्हशी तिच्या नावावर म्हणून तीही सभासद. मी वाचायला उभा राहिलो. आणि इतक्या वर्षांची जीभ ती. कै. पारूबाई, कै. दगडाबाई म्हणत एका सुरात ती पुढं गेली ती थेट कै. सटवावर जाऊन थांबली. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याचं आवाहन करून मी मान वर केली, तर सटवा उभा राहिला होता. सगळे उभे राहिले होते. सटवानं डोळे मिटून, हात जोडून, स्वतःसाठी पुरती दोन मिनिटं उभं राहून काढली. कुणी हसलं नाही. निम्म्या लोकांनी नावं ऐकलीच नव्हती, आणि ऐकली त्यांना हसावं का रडावं ते कळेना.

सगळे बसले. सटवाही बसला. मला वाटलं, निभावलं.

सातवा विषय आला. मी ठराव वाचला. सूचक म्हणालो, मेव्हण्यांनी हात वर केला. “अनुमोदक, सटवा,” म्हणालो.

सटवा उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. “सेक्रेटरी,” म्हणाला, “मी एक नंबरला मेलो. सात नंबरला अनुमोदन कसं देऊ?”

आता मात्र हसू फुटलं. आबासाहेबही हसले. “बस बे सटवा. लिहिण्यात चूक झाली. दुरुस्त करू.”

“करा की. पण कंची चूक दुरुस्त करायची ते आधी ठरवा. मी मेलो असन, तर मेल्या माणसाचं अनुमोदन चालत न्हाई, म्या पुस्तक वाचलंय. आन जिता असन, तर माझं अनुमोदन न्हाई.”

हसू थांबलं. तो ‘न्हाई’ गावानं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आबासाहेबांचा चेहरा लाल झाला. “सटवा, तू घरी मान हलवलीस. बंकट साक्षीला हाय.”

“हलवली. मान हलवायची सवयच पडलीय मला. टँकरचा पाटा मोडला आन एक खेप चुकली, तर हितं माझी श्रद्धांजली लिहून झाली. तुमी तीन खेपा मागायला लागलाव. मला मरायचं भ्या वाटतंय आबासाहेब. लाज कावून धरू? लई भ्या वाटतंय. आन मी एकला न्हाई, आमी नऊ जण हाव त्या मशीनवर. तुमच्या माळाची धूळ बसवायला नऊ माणसं. हिशेब बसत न्हाई.”

आबासाहेब गावाकडं वळले. “ठीक हाय. दुसरा कुणी अनुमोदन द्या.”

ते काय फार अवघड काम नव्हतं. दीडशे माणसांत एक हात. पण सटवा मध्येच उभा होता, ओला पंचा गळ्यात, आणि प्रत्येकाकडं बघत होता. त्याच्या तोंडासमोर हात वर करायचा कसा? गावानं त्या दिवशी हिंमत दाखवली असं मी म्हणणार नाही. गावाला दोन्हीकडून भीड पडली होती. चेअरमनला नाही म्हणवेना, नि सटवाला मारवेना. अर्जुनराव पायातला काटा बघायला लागले. सुंदररावांना तर काटाही सापडेना, ते नुसतेच खाली बघत राहिले.

“मंग माझी सूचना लिहा,” सटवा म्हणाला. “टँकर दवाखान्यालाच जाईल. सूचक सटवा. मला अनुमोदक पायजे.”

ज्यानं सगळ्यांच्या ठरावाला मान हलवली, त्याला आता एक माणूस पाहिजे होता. मी रजिस्टरजवळ बसलो होतो. माझी एक म्हैस आहे, मी सभासद आहे. आता इथं मला लिहायला आवडलं असतं की मी उठलो. मी उठलो नाही. मी पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं, नि रजिस्टरमध्ये बघत राहिलो.

मग मागून बायांतून आवाज आला. “माझं अनमोदन.” तुळजाबाईला तो शब्द नीट आला नाही, पण सगळ्यांना कळला. तिच्या शेजारची बायडाबाई उठली. तिच्यामागून आणखी चार बाया. बाया उठल्या म्हटल्यावर बाप्यांना बसून राहणं कठीण झालं. विरोधात कोण म्हणून आबासाहेबांनी विचारलं, तर मेव्हण्यांनीही हात वर केला नाही. माझ्या रजिस्टरमध्ये पहिल्यांदा अख्खं पान खोडावं लागलं.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. माळावरचा फुफाटा सगळा आभाळात उठला. आबासाहेबांचा फेटा सुटून बाभळीवर जाऊन बसला. पाहुण्यांच्या दोन्ही डोळ्यांत दुष्काळ गेला, त्यामुळं पाहणी अकरा मिनिटांत आटोपली. त्या दुपारी सटवा मशीनवर होता.

मी आठ दिवस त्याला तोंड दाखवलं नाही. शेवटी तोच डेअरीवर आला. मी म्हणालो, “सटवा, माझ्याकडून लई मोठी चूक झाली.”

“झाली ते बरं झालं,” तो म्हणाला. “ती दोन मिनिटं उभा राहिलो ना, तवा समदी माझ्यासाठी उभी हायत असं दिसलं. आबासाहेब बी. म्हणलं, ह्या मान्सानं मी मेल्याचं धरूनच टाकलंय, तर मंग आता त्याची भीड कावून धरायची?” मग त्यानं डावा हात माझ्या कानाला लावला. मोटर चालू होती.

पुढं तो तीन वर्षं जगला. दर सभेला पहिल्या विषयाला मी चष्मा लावला की पुढच्या सतरंजीवरून विचारायचा, “सेक्रेटरी, आपलं नाव हाय का आज?” मी म्हणायचो, “न्हाई.” “मंग वाचा पुढं.” गाव हसायचं. त्या तीन वर्षांत त्यानं सतरा ठरावांना अनुमोदन दिलं आणि चौदांना नाही. प्रत्येक वेळी आधी ठराव पुन्हा वाचून घ्यायचा. आबासाहेबांनी त्याला पुढच्या सतरंजीवरून उठवायचा प्रयत्न करून बघितला, पण तुळजाबाई नि बायडाबाई येऊन त्याच्या दोन्ही बाजूंना बसायला लागल्या.

अठरा साली पुन्हा पावसानं पाठ फिरवली. त्या साली आषाढात सटवा गेला. मशीनवर नाही, घरी, सकाळी, कोनाड्यातला पहिला पेला पिऊन.

त्या वर्षीच्या सभेला मी रजिस्टर कोरं घेऊन गेलो. आबासाहेबांनी विचारलं, “लिहिलं न्हाईस?” मी म्हणालो, “अजून सभा कुठं झालीय?” मग उभा राहिलो, चष्मा लावला, आणि सवयीनं थांबलो. पुढच्या सतरंजीवर तुळजाबाई एकटीच होती. कुणी काही विचारलं नाही. मी हातातल्या चिठ्ठीवरची नावं वाचायला लागलो, आणि सटवाच्या नावाशी आलो तेव्हा आधी तुळजाबाई उभी राहिली, मग सगळे.

श्रद्धांजलीच्या ठरावाला आमच्याकडं अनुमोदक लिहीत नाहीत, तो सगळ्यांचाच असतो. त्या पानावर मात्र सभा संपल्यावर मी लिहिलं. सूचक, तुळजाबाई. अनुमोदक, बंकट.